उपवासाचा लेप

रविवार, २० जुलै

नवी वही सुरू करतोय, तर मी स्वतःच्या हातानं आजवर काय काय केलं ते आधी लिहून ठेवतो. पुढं कोणाला शंका नको. पत्र्याच्या धान्यकोठ्या किती केल्या ते मोजलं नाही, पण देऊळघाटात कोणत्याही आळीला जा, माझ्या हातची एक तरी निघेल. बिनआवाजाचे कुलर. आईच्या शेवटच्या वर्षात तिला धरून चालायला सायकलच्या नळ्यांची घोडी. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, ते दोनदा केलं, कारण पहिलं शेंगेसोबत दाणाही फोडायचं. आमच्या मुलीच्या, पूनमच्या, लग्नातली मांडवाची कमान, जी लोक अजून मागून नेतात आणि वाकवून आणून देतात. जुन्या लोखंडी कपाटाची विजेची भट्टी, जिच्यात माझी बायको जयमाला केक भाजते. तिच्या दाराला काच मी बसवली, आणि ती अजून तडकलेली नाही.

आणि शेवटची वस्तू: केकचा डबा. अ‍ॅल्युमिनियमचा, मधोमध नळी, भोवती सोळा पाकळ्या. बाभळीच्या ठोकळ्यावर एकेक पाकळी ठोकून काढली. कुठंही डाग दिलेला नाही; खायच्या भांड्याला डागाचं शिसं लागता कामा नये. यातलं मला कोणी शिकवलं नाही. शाळा दहावीला सुटली, हातोडी त्याच्या आधीच हातात आली होती.

सगळ्या वस्तू चालतात. डबा चालत नाही. केक चिकटतो. बाहेर निघतो तो पाकळ्या आतच ठेवून, टक्कल पडल्यासारखा.

जयमाला दोन वर्षांपासून केक करते. मोबाईलवर पाहून शिकली. आता गावातले वाढदिवस तिच्याशिवाय होत नाहीत, बुलढाण्याहूनही फोन येतात. बाया तिला 'केकवाल्या ताई' म्हणतात. ती बाजारचे गोल डबे वापरते, ज्यांचा पत्रा अंगठ्यानं दबतो. माझ्या डब्यात ती लसूण ठेवते.

बुधवार, २३ जुलै

डब्यात खोट नाही. खोट लावण्यात आहे, हे मी आज ठरवलं.

आधी लोणी लावून पाहिलं. सर्वांत वाईट. लोण्यातला दुधाचा अंश जळतो आणि तोच डिंकासारखा धरतो. नुसतं तेल लावलं तर ते उभ्या पाकळीवरून घसरून तळाशी जमा होतं. वर कोरडं, खाली तळण. तेलावर मैदा भुरभुरला तर एका पाकळीला लागतो आणि शेजारची उपाशी राहते.

संध्याकाळी रहेमतुल्लाच्या भट्टीवर गेलो. त्याच्या भट्टीवर लोक घरचा रवा, तूप, साखर नेऊन देतात आणि नानकटाई करून आणतात. आम्ही एका वर्गात होतो. तो पत्रे भट्टीत सारत होता.

"रहेमतुल्लाभाई, तुह्या पत्र्याले काही चिकटत काऊन नाही?"

"क्योंकि मैं पत्रा धोताच नाही. वडिलांच्या टायमापासून चिंधीनं पुसतो फक्त. तुह्या घरी भाभी काय करते?"

"राख लावून घासते. आरसा करते."

"मग आरशात तोंड पाहा दोघं. केक कायको करते?"

त्याच्या पोऱ्यासमोर हसला. घरी येऊन जयमालाला सांगितलं की डबे घासायचे नाहीत. ती म्हणाली, "न घासलेल्या डब्यात मी कोनाले केक देनार नाही. पत्र्याले काळं ठेवायचं असन त तुमच्या कोठीले ठेवा." तेव्हा घासलेल्या डब्यालाही चालेल असं काहीतरी शोधावं लागणार.

रविवार, २७ जुलै

झालं. लेप सापडला.

मैदा, तेल आणि डालडा, तिन्ही सारखे घेऊन एकजीव फेसायचे आणि तो लेप ब्रशनं लावायचा. डालडा घट्ट, तो तेलाला उभ्या भिंतीवर धरून ठेवतो. मैदा त्या दोघांच्या मध्ये अडकून सगळीकडे सारखा बसतो. आधी मी काट्यावर वजन करून तिन्ही सारखे घेतले. ती लांबी झाली, काच बसवायच्या पुट्टीसारखी घट्ट. जयमाला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "वाटीनं घ्या की." मला तराजू सोडून वाटीनं मोजणं आवडत नाही, पण मैदा हलका आहे हे लक्षात घेऊन मी शेवटी मापाची पद्धत बदलली. वाटीला वाटी. दहा मिनिटं फेसलं, तर पांढरं, फुगलेलं, मलईसारखं. बरणीत भरलं. वास नाही, पाणी सुटत नाही.

केक भाजला. जयमालानं डबा भट्टीतून काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवला, ओला रुमाल घालून उपडा केला. या ओल्या रुमालाला काही अर्थ नाही, पण मी तिला करू दिलं. टक्, असा आवाज आला. सोळाच्या सोळा पाकळ्या, कडा हातोडीनं काढलेल्या तशाच.

जयमालानं बोट फिरवून पाहिलं. मग डब्यातला लसूण ज्या टोपलीत ओतला गेला होता त्या टोपलीला तिनं कायमची जागा करून दिली. म्हणजे डबा आता डबाच राहणार.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पुष्पाबाई आल्या होत्या. त्यांच्या सासूबाई, जनकाबाई, येत्या मंगळवारी पंच्याहत्तर पूर्ण करतात, आणि नेमकी त्याच दिवशी एकादशी. जनकाबाईंनी लग्न होऊन या गावात आल्यापासून एकही एकादशी मोडलेली नाही. बाळंतपणातही नाही, असं पुष्पाबाई सांगत होत्या. पाव्हणे भरपूर, सरपंचांच्या घरचेही.

"ताई, उपवासाचा केक जमन का? आन् असा, याच्यासारखा," असं म्हणून त्यांनी माझ्या डब्याकडे बोट केलं.

जयमाला हो म्हणाली, पण त्या गेल्यावर दोनदा कॅलेंडर पाहून आली. इतका मोठा कार्यक्रम तिनं कधी केला नाही. मग एकदम कामाला लागली. राजगिरा निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळणार, कारण गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं. मिक्सरचं भांडं वेगळं. दही घरचं, शेंगदाण्याचा कूट घरचा. सोडा चालतो का, म्हणून मुद्दाम जनकाबाईंकडे जाऊन विचारून आली. "सोडा खाणीतला. मिठासारखा. चालते," म्हणाल्या.

मला म्हणाली, "डब्याचं तुमच्याकडं."

मी म्हटलं, निश्चिंत राहा.

मंगळवार, ५ ऑगस्ट

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

केक जनकाबाईंच्या अंगणात टेबलावर ठेवला तेव्हा बाया उठून पाहायला आल्या. अशा पाकळ्या बुलढाण्याच्या बेकरीतही नसतात, असं दोघीतिघी बोलल्या. जनकाबाईंनी कापला, नातवंडांनी टाळ्या वाजवल्या, पहिली फोड त्यांच्या तोंडात गेली. तेवढ्यात सरपंचांच्या घरच्यांनी विचारलं, "ताई, इतक्या नक्षीत हा चिकटत कसा नाही वो?"

जयमाला तोंड उघडणार, तेवढ्यात मी पुढं झालो. नीट समजेल असंच सांगितलं. लोण्यानं काय होतं, तेलानं काय होतं. "मंग म्या लेप तयार केला. एक वाटी तेल, एक वाटी डालडा, एक वाटी मैदा..."

"मैदा?" पुष्पाबाई म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना दर्जाबद्दल शंका आहे. "हाव, मैदा. दोनदा चाळलेला."

मी जयमालाकडे पाहिलं आणि मग मला कळलं.

"आई, थुका! थुका तो!" पुष्पाबाई ओरडल्या. हातातला रुमाल त्यांनी सासूच्या तोंडासमोर धरला. जनकाबाईंनी मान बाजूला केली आणि सावकाश चावून गिळलं. पाणी प्यायल्या. मग ताटली पुढं केली.

"मोडली ते मोडली. अर्धी काय आन् पुरी काय! दे दुसरी फोड."

"आई, अवो..."

"अवं, टाकून द्यायचं का आता? अन्न हाय. दे."

दुसरी खाल्ली, तिसरीही मागून घेतली. पाकळीच्या कडेचा कुरकुरीत भाग आधी खात होत्या. माझ्या मते धक्क्यानं माणसाचं असं होतं. ऐकूही कमी येत असावं.

बाकी कोणी केकला हात लावला नाही. पुष्पाबाई जयमालाला म्हणाल्या, "ताई, विश्वासानं दिलं होतं तुमाले." एवढंच. जयमाला रिकामा डबा पदराखाली घेऊन घरी निघाली. मी मागं. तिच्या चालीला मला गाठता आलं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

डब्याचं वजन कोरडं आणि लेप लावून, असं दोन्ही केलं. लेप अठरा ग्रॅम. त्यात मैदा चार ग्रॅमच्या वर जात नाही. सोळा फोडी केल्या तर एका फोडीला पाव ग्रॅम. नखावर राहील इतका. जयमालाला हे सांगितलं.

ती म्हणाली, "म्या राजगिरा एकेक दाना निवडला. गिरनीत नाही नेला. मिक्सर येगळा ठेवला. आन् तुमी मले ग्रॅम सांगून राह्यले."

भाजीची वाटी पुढ्यात ठेवून ती मागच्या दारी गेली.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. आज तीन घरांचे केक होते, तिन्ही घरांनी नको म्हणून कळवलं. एकीनं स्वच्छ सांगितलं, "आमच्या घरी उपास-तापास असतात, ताई. तुमचं काय काय असते आम्हाले काय माहीत."

जयमालानं सगळे डबे, ब्रश, मापाच्या वाट्या पोत्यात भरून माळ्यावर टाकायला लावल्या. शिडीवर मीच चढलो. ती खालून पोतं देत होती. माझा डबाही त्यातच. म्हणाली, "आता पुरे झालं. गाव हसलं तेवढं बस."

पूनमचा संभाजीनगरहून फोन आला. आई कुठं आहे, म्हणाली. मी म्हटलं, आराम करते आहे. "आई आन् आराम? पप्पा, काय केलं तुमी?" आजकालच्या मुली सरळ आरोपच करतात.

भट्टी बंद असल्यानं विजेचं बिल कमी येईल. घरात संध्याकाळी कसलाच वास नसतो. पुढच्या पत्राकामाच्या दुकानातून आत आल्यावर मला कळत नाही की घरी आलो.

गुरुवार, १४ ऑगस्ट

रहेमतुल्लाकडे बसलो होतो. त्याला पाव ग्रॅमचा हिशोब समजावून सांगितला. कोणीतरी सुशिक्षितासारखं ऐकावं, अशी इच्छा होती.

त्यानं ऐकलं. पत्रा बाहेर ओढला, नानकटाईची एक टिकली दाबून पाहिली.

"गजूभाई, रमजानमधी मी रोजा धरला. दुपारी एक घोट पानी पेलो. फक्त एक घोट. तू काय म्हनशील, हंडा थोडीच पेला?"

"रोजा तुटला म्हनीन."

"हाव ना."

त्यानं पत्रा परत आत सारला. मी उठून तडक जनकाबाईंच्या घरी गेलो.

त्या ओसरीवर बाजेवर होत्या. मी चप्पल काढून उभा राहिलो, म्हटलं, "मावशी, माफी मांगाले आलो. तुमची एवढ्या वर्षांची एकादशी माह्या हातानं मोडली."

"तुह्या हातानं पयली फोड मोडली. बाकीच्या दोन म्या मोडल्या. त्याची माफी कोन मांगते?" त्यांनी पान तोंडात टाकलं. "एवढ्या वर्षांत देवाले एकदा मैद्याचा हिशोब द्यावा लागला त बिघडलं काय? त्याच्या-माह्या मधात तू नको येऊ. तुह्या बायकोची मांगितली का?"

मी काढलेली चप्पल पायानं सरळ केली.

"नाही मांगितली. तोंडावरूनच दिसते. आयक. भादव्यातल्या पयल्या एकादशीले मले हाच केक पाहिजे. बिनमैद्याचा. आन् डालडा-फालडा नको, तूप घाल. पुष्पाचं मी पाहून घेते."

"पन ती करत नाही आता, मावशी. डबे माळ्यावर टाकले."

"मंग तू काय कामाचा?"

त्यांना कमी ऐकू येतं असं मी मागं लिहिलं, ते खरं नसावं.

शनिवार, १६ ऑगस्ट

जयमालाला म्हटलं, "चुकी माझी होती. तू सगळं निवडलं, धुतलं, आणि मी माती केली."

ती मुगाच्या शेंगा सोलत होती. हातातली शेंग सोलून म्हणाली, "हे तिथं म्हनाले असते त! मैद्याचं भाषण चारचौघांत केलं. आन् चुकी घरात सांगता, भांड्यांले."

मी जनकाबाईंचा निरोप सांगितला. "मी नाही करत," म्हणाली. विषय संपला.

तिला करायचं नसेल तर मी करेन. केक काही मंगळावरची वस्तू नाही. डबा मी माळ्यावरून काढला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मैद्याच्या जागी उपवासाचं पीठ, डालड्याच्या जागी तूप. सांगायला सोपं.

साबुदाण्याचं पीठ: लग्नपत्रिकेची पाकिटं चिकटवायला उत्तम. डबा आणि केक आता नवरा-बायको आहेत, सुटायचे नाहीत. राजगिऱ्याचं पीठ: केक सुटतो, पण लेप करपून काळे ठिपके आणि कडवट चव. भगरीचं पीठ: दाताखाली वाळू, शिवाय जनकाबाईंच्या घरी एकादशीला भगर चालत नाही, असं नंतर कळलं.

तुपाचं वेगळंच. दुपारी पातळ होतं आणि पीठ तळाशी बसतं. मी वैतागून भांडं आपटलं तेव्हा जयमाला तिथून जात होती. भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "आई लोनी काढताना परातीत थंड पानी घ्यायची." आणि निघून गेली. तिच्या माहेरच्या आठवणी अशा मधूनच निघतात. पण त्यावरून मला कल्पना सुचली: भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून फेसायचं. तूप थिजत जातं, फेसता फेसता पांढरं होतं, आणि पीठ धरून ठेवतं. कल्पना कुठून सुचेल सांगता येत नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, पोळा

दुकान बंद. बैल मिरवून गेले. मी मागच्या बाजूला कामाच्या टेबलाशी गेलो, तर पक्कडीच्या शेजारी शिंगाड्याच्या पिठाची बरणी. सणाच्या आवराआवरीत कोणी तिथं ठेवली असावी. झाकणही सैल केलेलं होतं. म्हटलं, हेही पाहून घेऊ.

शिंगाड्याचं पीठ, तूप, शेंगदाण्याचं तेल. वाटीला वाटी. परातीत गार पाणी. लेप हस्तिदंती रंगाचा झाला. डब्यात ब्रश फिरवला तर पाकळीच्या घळीतही बसला. करपत नाही, कारण पीठ बारीक आहे आणि साखर कमी. मी शोधलं, पण नशीबही पाहिजे.

आता केक. जयमालाचा केक मी शेकडो वेळा होताना पाहिला आहे, त्यामुळं प्रमाण विचारायची गरज नव्हती.

विटेसारखा झाला. पण वीट स्वच्छ निघाली! सोळाही पाकळ्या. मी ती ताटात घालून आत नेली. जयमालानं सुरी लावली, सुरी थांबली. तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. पाच तारखेपासून पहिल्यांदा.

"दही किती घातलं?"

"वाटीभर."

"फेसलं किती?"

"लेप फेसून हात भरून आला होता. हे ढवळलं."

"ढवळलं म्हने. सिमिट हाय का ते?" भांडं तिनं माझ्या हातातून ओढूनच घेतलं. "व्हा तिकडं. लेप लावा तुमी, तेवढं जमते तुमाले."

मी मुद्दाम वाईट केला नव्हता. तसं कोणी म्हणेल म्हणून लिहून ठेवतो.

रविवार, ३१ ऑगस्ट

गणपती बसले आहेत. घरात पुन्हा वास येतो. जयमालानं चार वेळा केक करून पाहिला आणि चारही वेळा आळीत वाटून टाकला. तूप कोणत्या गायीचं, शेंगदाणे कोणाकडचे, सगळं आधी मला विचारते. मी सांगतो. मग ती स्वतः जाऊन पाहते.

तिला झोप नीट लागत नाही. म्हणाली, "यावेळी काही झालं त मी गावात तोंड दाखवनार नाही. खरंच सांगते."

मी ब्रशसुद्धा नवा आणला. जुना मैद्यात बुडालेला होता.

बुधवार, ३ सप्टेंबर, एकादशी

त्याच अंगणात, तेच टेबल. जनकाबाईंनी मुद्दाम त्याच सगळ्यांना बोलावलं होतं. पुष्पाबाई दारात उभ्या होत्या, हात बांधून. केक उतरवला तेव्हा कोणी पुढं आलं नाही.

जनकाबाई म्हणाल्या, "विचारा बाप्पा कोनी. मागच्या बारीले तर सरपंचाच्या घरचे मोठे विचारत होते."

सरपंचांच्या घरच्यांनी खाली मान घातली. मग पुष्पाबाईंनीच विचारलं. माझ्याकडे पाहून. "आता काय लावलं डब्याले?"

मी तयारी करून आलो होतो. शिंगाडा, तूप, परात, सगळं ओळीनं. पण तोंड उघडलं आणि दुसरंच निघालं.

"पुष्पाताई, मागच्या बारीले केकात काही खोट नव्हती. माह्या बायकोनं राजगिरा एकेक दाणा निवडला होता. डब्याचं काम तिनं माझ्यावर सोडलं, आन् मैदा मी लावला. तिला माहीतही नव्हतं. बोलणं ऐकलं तिनं, एकादशी मोडली मी. आता काय लावलं ते तिलाच विचारा. तिचा हात आहे त्याच्यात."

आवाज माझा नेहमीसारखा मोठा निघाला नाही, पण सगळ्यांनी ऐकलं असावं, कारण मागच्या बाजूनं कोणीतरी "बरं झालं बाई" म्हणालं.

जयमालानं सांगितलं. दोन वाक्यांत. मला एवढ्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं. परातीतल्या पाण्याचं तर तिनं सांगितलंच नाही. तो भाग मी नंतर एकदोघांना समजावून सांगितला.

पुष्पाबाईंनी ताटली घेतली. एक घास खाल्ला, मग दुसरा. जयमालाच्या हाताला धरून त्यांनी तिला बाजेवर बसवलं आणि पहिला चहा तिच्यासमोर ठेवला.

जनकाबाईंनी एकच फोड घेतली. म्हणाल्या, "चांगला हाय. मैद्याचा जरा जास्त कुरकुरीत होता."

"आई!"

"खोटं काऊन बोलू, एकादशी हाय."

घरी येताना जयमाला माझ्यासोबत चालत होती. रस्त्यात म्हणाली, "बोलले बाप्पा एकदाचे." आणि डबा तिनं मला धरायला दिला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

लेपाच्या बरण्या मागायला बाया घरी येतात. नवरात्र जवळ आलं. जयमालानं बरणीवर चिकटवायची चिठ्ठी लिहिली: 'उपवासाचा लेप. शिंगाडा, साजूक तूप, शेंगदाणा तेल. दुसरं काही नाही.' शेवटचं वाक्य मी काढायला सांगितलं, कारण ते उगाच आहे. तिनं ठेवलं. बुलढाण्याच्या एका दुकानात, जिथून ती साचे आणि रंग आणते, तिथंही तीन बरण्या ठेवल्या.

सोमवार, १५ सप्टेंबर

खामगावचे एक शेठ दुकानात आले. सगळ्या जिल्ह्याच्या बेकऱ्यांना ते माल पुरवतात. बुलढाण्याच्या दुकानात बरणी पाहिली म्हणाले. मी स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. त्यांनी डबा हातात घेऊन पाहिला, पाकळीवर बोट फिरवलं. पारखी माणूस, हे मान्य करावं लागेल.

लेपाची कृती आणि नाव त्यांना विकत हवं होतं, नवरात्राच्या आधी. कागद करून द्यायचा, पुढं आम्ही विकायचं नाही. आकडा सांगितला. मी दोनदा विचारला, कारण मागं पोऱ्याचं ग्राइंडर चालू होतं; मग ते बंद करवलं.

मग म्हणाले, "एवढं तूप मात्र परवडत नाही, गजेंद्रभाऊ. आम्ही डालडा घालू. शिंगाडाही महाग, निम्मा मैदा चालून जातो."

"मग झाकणावरचं उपवासाचं काढता का?"

"ते कशाले काढायचं? त्याच्यावरच तर चालते. डब्याला लावायची वस्तू, पोटात किती जाते? पाव ग्रॅम."

पाव ग्रॅम! माणसानं हिशोब अगदी बरोबर केला होता.

मी म्हटलं, "शेठ, चहा घ्या. लेप विकायचा नाही."

ते आकडा वाढवायलाही तयार होते. मी पोऱ्याला ग्राइंडर पुन्हा सुरू करायला लावलं. चहा अर्धा ठेवून गेले.

मागं वळलो तर आतल्या दारात जयमाला. हाताला पीठ.

"मले विचारलं काऊन नाही?"

"तू काय म्हनली असती?"

"नाहीच म्हनलं असतं. पन विचारायचं होतं. लेप काय तुमच्या एकट्याचा हाय?"

हे खरं होतं. तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "किती देत होता?"

"चाळीस हजार."

"चाळीस हजारात काय होते! नवी भट्टीबी नाही यायची. बरं केलं." आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाज येत होता, सोबत काहीतरी गुणगुणतही होती.

तिला उगाच रुखरुख नको. आपल्या मेहनतीला कोणी किती मोल लावलं होतं, ते मला एकट्याला माहीत असलेलं बरं. खरा आकडा एक लाख ऐंशी हजार रुपये, रोख, निम्मे आजच.